जाहिरातीतली दुसरी जागा

नागपुरातल्या एका विद्यापीठात मी संशोधन प्रकल्पाचं कार्यालयीन काम बघते. खरेदीचे इंडेंट म्हणजे मागणीपत्रं, बिलं, फेलोशिपचा हिशेब आणि वर्षातून एखाद-दोनदा भरती. आमचा प्रकल्प चंद्रपूर जिल्ह्यातल्या बोअरवेलच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा.

वॉक-इन मुलाखती मे महिन्यात होत्या. नोंदणी साडेदहापर्यंत, पण साडेनऊलाच व्हरांडा भरलेला. जेआरएफची, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोची जागा एकच, आणि उमेदवार ३७. महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता म्हटल्यावर गर्दी होणारच.

दहाच्या सुमारास एक मुलगी टेबलाशी आली. ब्रह्मपुरीहून पहाटेच्या एसटीनं निघालेली, ओढणीनं तोंड बांधलेलं, हातात मूळ कागदपत्रांची फाइल. एम.एस्सी. रसायनशास्त्र. सगळं नीट लावलेलं, फक्त नेट किंवा गेट या राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षांपैकी एकाचंही प्रमाणपत्र नव्हतं.

"बेटा, जेआरएफला नेट किंवा गेट लागतंच. जाहिरातीत लिहिलंय ना?"

तिनं मोबाइल पुढे केला. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला जाहिरातीचा फोटो, खालून कापलेला. पदाचं नाव, रक्कम, तारीख एवढंच दिसत होतं. पात्रतेचा मजकूर कापला गेला होता आणि त्याखालची दुसरी जागाही.

ती काही बोलली नाही. फाइलची चेन लावता लावता तिची नजर माझ्या टेबलावरच्या इंडेंटवर गेली.

"मॅडम, ह्या काचेच्या बाटल्या फ्लोराइडच्या सॅम्पलसाठीच आहेत का जी?"

"हो, का?"

"काचेत नाही ठेवत जी. फ्लोराइड काचेला धरते, आकडा कमी येते. प्लास्टिकच्या लागतात. आम्ही पाणी तपासणीच्या लॅबमध्ये तसंच करत होतो."

१०० बाटल्यांचा इंडेंट होता, दुपारी सहीला जायचा होता. जुन्या इंडेंटवरून मीच टाइप केला होता. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, हे मी आमच्या अहवालांत कितीदा टाइप केलंय. एवढ्या बारीक मोजणीत बाटलीच चुकली तर गावाला काय सांगणार?

मी उठून प्रकल्पाच्या सरांकडे गेले. त्यांनी इंडेंट वाचला, 'काचेच्या'वर काट मारली आणि विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

नियम मोडून तिला जेआरएफला बसवणं शक्यच नव्हतं, तसं कुणी सुचवलंही नाही. पण जाहिरातीतली दुसरी जागा प्रोजेक्ट असिस्टंटची होती. पात्रता बी.एस्सी., गावोगाव फिरून सॅम्पल आणायची तयारी, महिना २०,००० रुपये. त्या जागेला अर्ज आले होते दोन. नोंदणी बंद व्हायला वीस मिनिटं होती. मी तिला कोरा फॉर्म दिला.

"ही कायम नाही हं. प्रकल्प संपला की जागा संपते," मी स्पष्ट सांगितलं. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण विद्यापीठात लागलो म्हणून घरी पेढे वाटणारी आणि दोन वर्षांनी रडत येणारी मुलं मी पाहिलीत.

"होय जी. अनुभवाचा दाखला भेटते ना?"

मिळतो. पुढच्या प्रकल्पात तोच कामी येतो. तोवर नेटही देता येते, वर्षातून दोनदा असते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती फॉर्मवर खाली मान घालून लिहीत होती.

व्हरांड्यातल्या ३७ जणांपैकी कितींनी जाहिरात शेवटपर्यंत वाचली असेल, कोण जाणे. मुलं जेआरएफ आणि कायम प्राध्यापक एवढंच शोधतात. टेक्निशियन, फील्ड असिस्टंट, डेटा एंट्री अशा जागा सूचनाफलकावर दहा-पंधरा दिवस लागतात आणि निघून जातात. तेव्हापासून मी फलकावर दोन्ही जागांची वेगवेगळी पानं लावते, एका पानावर एकच पद, मोठ्या अक्षरात. फोटो काढला तरी काही कापलं जात नाही.

तिची निवड झाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्लास्टिकच्या बाटल्यांचे खोके आले, तेव्हा जमिनीवर बसून ती एकेक झाकण फिरवून बघत होती. चार गळक्या निघाल्या. त्या तिनं बाजूला ठेवल्या आणि बदलून घ्यायचं पत्र टाइप करायला मला सांगितलं.