पांढरी सात

“सेन्सेइ, मिकुला श्वास घ्यावाच लागत नाही ना?”

विचारणारी मुलगी लालबुंद झाली होती आणि तिच्या हातातला शब्दांचा कागद थरथरत होता. 2023 च्या जुलैचा शेवटचा आठवडा. मी जपानमध्ये सैतामातल्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. दुपारी शाळेत क्लब भरतात, त्यातल्या बँडच्या क्लबला इथे केइओनबु म्हणतात. मी मिरजेला पेटी शिकलेली आहे हे कळल्यापासून त्या मुलांनी मला आपलंच मानलंय.

समोर पाच जण होते, आपल्याकडच्या दहावीच्या वयाचे: गाणारी, गिटारवाला, बेसवाला, कीबोर्डवाली आणि ड्रमवाली. एप्रिलनंतर वाद्य हातात धरलेलं, म्हणजे जेमतेम तीन महिने. सप्टेंबरात बुंकासाइ, आपल्या गॅदरिंगसारखं. त्यात एकच गाणं वाजवायचं होतं आणि ते त्या दिवशी चारच्या आत ठरायला हवं होतं, कारण चारनंतर खोली ब्रास बँडची.

गाणं व्होकलॉइडचंच, म्हणजे संगणकाच्या आवाजातलंच हवं, यावर मात्र पाचही जणांचं एकमत होतं. मला त्याचं नवल वाटलं नाही. साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने यामाहाच्या तंत्रावर बेतलेलं हात्सुने मिकु हे सॉफ्टवेअर 31 ऑगस्ट 2007 रोजी बाजारात आणलं. साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजाचे तुकडे त्यात भरलेले आहेत. सूर आणि शब्द लिहून दिले की मिकु गाते. ही मुलं आणि मिकु जवळपास एकाच वयाची. तिची गाणी त्यांच्या कानांवर बडबडगीतांसारखीच पडत आलेली.

फळ्यावर सगळ्यात वर ‘हात्सुने मिकु नो शोओशित्सु’ लिहिलेलं होतं. मिनिटाला 240 ठोके, आणि शब्द असे ओतलेले की माणसाची जीभ वळायच्या आत पुढची ओळ येते. ते वाचून दाखवतानाच गाणारीने तो प्रश्न विचारला होता. त्या गाण्यावर मी फुली मारली तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

मग ‘मेल्ट’. रियो या संगीतकाराचं 2007 च्या डिसेंबरातलं गाणं, फार गोड. वेग 170. दोन मिनिटांत ड्रमवालीचा उजवा हात आखडला. मला वाटलं, वेगच नडतोय. म्हणून मीच ‘सुना नो वाकुसेइ’ सुचवलं. हाचीने, म्हणजे आजचा नावाजलेला गायक केन्शी योनेझु याने, 2017 मध्ये मिकुच्या वार्षिक मैफलीसाठी केलेलं, वेग फक्त 95. हळू आहे, जमेल, असा माझा हिशेब.

तो साफ चुकला. दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा मोकळी राहत होती की प्रत्येकजण ती आपापल्या अंदाजाने भरत होता. ड्रमवाली पुढे पळत होती, बेसवाला मागे राहत होता, आणि शब्द तर तिथेही दाटीवाटीनेच बसलेले. “हळू गाण्यात वाट बघावी लागते सेन्सेइ, आणि मला वाट बघता येत नाही,” ड्रमवाली म्हणाली. इतकी वर्षं विलंबित ऐकल्यावर हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. नवशिक्याला अतिवेग झेपत नाही हे खरं, पण रेंगाळणं त्याहून अवघड.

दोन वाजून गेले. गिटारवाल्याने ‘सेनबोनझाकुरा’चा कागद पुढे केला. कुरोउसापीचं 2011 चं गाणं, वेग 154. तो म्हणाला, हे माझ्या आजीलाही येतं. ते पटण्यासारखं होतं, कारण 2015 च्या कोहाकुमध्ये, वर्षअखेरीला सगळं घर टीव्हीसमोर बसून बघतं त्या कार्यक्रमात, एन्का, म्हणजे जुन्या वळणाची जपानी गाणी, गाणाऱ्या साचिको कोबायाशीने ते गायलं होतं.

गाणं घरचं, पण हाताला परकं. कोरसमधले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर: बी फ्लॅट, सी, डी मायनर, एफ. त्यातले बी फ्लॅट आणि एफ म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या. गिटारवाल्याच्या तर्जनीवर तारांचे सहा वळ उठले होते आणि तरीही पहिली तार नुसती खर्र करत होती. वरच्या सुरांना गाणारीचा आवाज फाटत होता. तिसऱ्यांदा फाटला तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, “दुसऱ्या कुणाला तरी घ्या.”

मी सगळ्यांना वाद्यं खाली ठेवायला सांगितली आणि तिला पियानोजवळ बोलावलं. मिरजेला आमचे गुरुजी नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी काही शिकवत नसत. पेटी पुढ्यात घेऊन नुसता सा लावायला सांगत आणि तिची पट्टी काढत. मीही तेच केलं. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसता ‘आ’. एकेक स्वर खाली सरकत गेले. तिचे खांदे कुठे सैल पडतात ते बघत होते.

पांढरी दोनवरचं गाणं खालच्या पांढरी सातवर आलं तेव्हा ते पडले.

म्हणजे तीन अर्धे स्वर खाली. तसे कॉर्ड मी फळ्यावर मांडले: जी, ए, बी मायनर, डी. गिटारवाला फळ्याकडे बघतच राहिला. जी, ए आणि डी त्याला पहिल्या महिन्यापासून येत होते. बी मायनर मी बारीक चार तारांवरच धरायला सांगितला, एका बोटाने सगळ्या तारा न दाबता. मघापासून तोंड न उघडलेला बेसवाला तेव्हा बोलला, “जी, ए, डी. तिन्ही माझ्या मोकळ्या तारा आहेत.” कीबोर्डवालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण ती महिनाभर मूळ पट्टीतच घरी वाजवत होती. तिला ट्रान्सपोजचं बटण दाखवलं: उणे तीन. बोटं तीच, सूर नवा.

एका गळ्याची सोय बघितली आणि तीन वाद्यांची गाठ सुटली. मला भरून आलं.

पुढचं भराभर झालं. सुरुवातीची ती धावती सुरावट एकट्या कीबोर्डकडे, तीही उजव्या हाताने, गिटारने फक्त कॉर्ड धरायचे. ड्रमवर हाय-हॅट ही झांज, आणि स्नेअर हा लहान ड्रम दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला, बाकी काही नाही. शेवटचा कोरस मूळ गाण्यात अर्धा स्वर वर चढतो, ते चढणं गाळलं. वेग 130 वर आणला, सप्टेंबरपर्यंत 140 झाला तर झाला.

मग शब्दांचा कागद. मी लाल पेन्सिलीने श्वासाच्या जागांवर खुणा करत गेले. दोन ठिकाणी जागाच सापडेना, ओळीला ओळ चिकटलेली. कंपनीने मिकुचा सोयीचा वेग 70 ते 150 सांगितलाय, पण त्यात श्वासाचा हिशेब कुठेच नाही. त्या दोन ओळी कीबोर्डवालीने गायच्या असं ठरलं. गाणारीने त्या ओळींपुढे मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि त्याला गोल केला.

पावणेचारला कोरस सलग वाजवला. गिटारचा एक डी चुकला, ड्रम शेवटी थोडे पळाले. दारात ब्रास बँडची मुलं वाद्यांच्या पेट्या घेऊन उभी होती आणि त्यातली ट्रम्पेटवाली ओठ हलवत होती. शेवटचा सूर संपला. मी गाणारीकडे बघितलं. तिला धाप लागलेली नव्हती.

“मोऽ इक्काइ,” ती म्हणाली. आणखी एकदा.

ट्रम्पेटवालीने पेटी जमिनीवर ठेवली आणि त्यांना हाताने खूण केली, वाजवा.