तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या मशीनवरचं रँडम

"सर, मशीनचे रँडम (कसेही येणारे) आकडे चालते नं?" यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मुलं पावसाचं सिम्युलेशन, म्हणजे आकड्यांतून नक्कल, करायला बसली की हा प्रश्न येतोच. जूनमध्ये पेरल्यावर पावसाचा खंड किती लांबेल, दुबार पेरणी कितीदा करावी लागेल, हे त्यांना काढायचं असतं. हाताशी असतो आर्डुइनो उनो (R3) हा छोटा संगणक-बोर्ड, नाहीतर जुना लॅपटॉप.

चालतात, पण मशीन हे आकडे सूत्रानं काढतं; आत कोणतं सूत्र आहे ते ठाऊक असेल तरच.

वहीत करून पाहा. 7 घ्या, 5 ने गुणा, 3 मिळवा, 16 ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. 6, 1, 8, 11, 10, 5, 12... सोळाही आकडे येऊन जातात, क्रमही विस्कळीत वाटतो. आता सम-विषम बघा. विषमनंतर सम, समनंतर विषम, शेवटपर्यंत! विषम म्हणजे पाऊस आणि सम म्हणजे उघडीप असं धरलं, तर लागोपाठ दोन दिवस कोरडे जाणारच नाहीत. शेतात पऱ्हाटी सुकतेय आणि आपलं सिम्युलेशन सांगतंय, दुबार पेरणी शून्य. 16 च्या जागी 2 चा 32 वा घात घेतला तरी शेवटचा बिट (आकडा 0-1 मध्ये लिहिल्यावरचा शेवटचा अंक) असाच नाचतो. म्हणून अशा सूत्राचे वरचे, म्हणजे डावीकडचे, बिट वापरायचे.

तेवढ्यानंही भागत नाही. 1960 च्या दशकात आयबीएमच्या मशीनवर रँडू नावाचं सूत्र सर्रास चालायचं, गुणक 65539. त्याचे लागोपाठचे तीन-तीन आकडे घनात मांडले तर सगळे ठिपके फक्त 15 प्रतलांवर पडतात. आपल्याकडे आजचा पाऊस कालच्यावर अवलंबून, म्हणजे लागोपाठच्या आकड्यांवरच आपली सगळी भिस्त.

मर्सेन ट्विस्टर हे रँडम आकड्यांचं नावाजलेलं सूत्र उनोत मावत नाही. त्याला अडीच केबी लागतात, उनोची रॅमच 2 केबी. मी विचमन-हिल सुचवतो. 1982 चं हे सूत्र 16 बिटांच्या मशीनसाठीच बेतलेलं: आकडे काढणारे तीन छोटे जनरेटर, त्यांच्या अपूर्णांकांच्या बेरजेचा अपूर्णांक घ्यायचा, जवळपास 7 लाख कोटी आकड्यांनंतर पुनरावृत्ती. उनोवर इंट हा पूर्णांकाचा प्रकार 16 बिटांचा, म्हणून गुणाकाराला त्याहून मोठा लाँग घ्या. मग तेच सिम्युलेशन मार्सालियाच्या 16 बाइटवाल्या झोरशिफ्ट या दुसऱ्या सूत्रावर चालवा. खंडाचे आकडे जुळले नाहीत, तर निकाल कुणाला दाखवू नका.

आणि सीड, म्हणजे सूत्राला द्यायचा सुरुवातीचा आकडा? उनोच्या मोकळ्या पिनवरचा व्होल्टेज मोजून (अ‍ॅनालॉग रीड) तो घेतला तर जास्तीत जास्त 1024 सुरुवाती मिळतात. त्यापेक्षा सीड स्वतः ठरवा, वहीत लिहा. तो लिहिलेला नसेल तर मी प्रकल्प तपासायलाच घेत नाही.