एनक्रिप्टेड बॅकअपचे तुकडे: आधी टार, मग जीपीजी, शेवटी स्प्लिट

खरेदीखतांचे स्कॅन, बँकेची कागदपत्रं, घरातले फोटो हे सगळं क्लाउडवर किंवा बाहेरच्या डिस्कवर जाणार असेल, तर एनक्रिप्ट करूनच जायला हवं. लिनक्सच्या टर्मिनलवर ते एका ओळीत होतं: टार (फाइली एकत्र बांधतं), झेडएसटीडी (कॉम्प्रेस करतं), जीपीजी (एनक्रिप्ट करतं) आणि स्प्लिट (तुकडे पाडतं), पाइपने, म्हणजे एकाचं आउटपुट पुढच्याला देत, एकापुढे एक जोडलेले. क्रम हाच ठेवा. एनक्रिप्ट झालेला डेटा कॉम्प्रेस होत नाही. नुसते फोटो-व्हिडिओ असतील तर झेडएसटीडी गाळा, त्याने जागा काही वाचत नाही.

जीपीजीला सिमेट्रिक (एकाच पासवर्डने एनक्रिप्ट आणि डिक्रिप्ट) हा पर्याय आणि सायफर, म्हणजे एनक्रिप्शनची पद्धत, म्हणून एईएस२५६ द्या. पासफ्रेज (लांब पासवर्ड) ते स्वतःच विचारतं. कमांडमध्ये टाइप केलात तर शेलच्या हिस्टरीत, म्हणजे जुन्या कमांडच्या नोंदीत, उघडा पडून राहील.

स्प्लिटमध्ये हमखास फसायला होतं. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची मावते. स्प्लिटला ‘४जी’ सांगितलंत की तुकडा होतो ४,२९,४९,६७,२९६ बाइटचा. एका बाइटने कॉपी अडते! मी तर १ जीबीचेच तुकडे सुचवेन, कारण पुढे येईलच.

कमांड चालवण्याआधी बॅशमध्ये (टर्मिनलच्या शेलमध्ये) पाइपफेल हा पर्याय चालू करा. एरवी पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो. टार मधेच एखाद्या फाइलवर अडखळलं, तरी स्प्लिटचं काम नीट झालं म्हणून स्क्रिप्ट ‘सगळं ठीक’ सांगते आणि बॅकअप अर्धवट राहतो.

मूळ फाइली पुसण्यापूर्वी उलटा प्रवास करून बघाच: कॅट कमांडने तुकडे जोडा, जीपीजीने डिक्रिप्ट करा, टारने यादी काढा. स्प्लिट तुकड्यांना एए, एबी अशी शेपटं लावतं, त्यामुळे कॅटला क्रम बरोबर मिळतो. हाताने १, २, १० अशी नावं दिलीत तर १ नंतर १० येतो आणि डिक्रिप्शन फसतं.

एक तुकडा हरवला, की त्याच्या पुढचं सगळं गेल्यातच जमा. त्यावर उपाय पार२ हे साधन: तुकड्यांवर १० टक्के रिडंडन्सी (दुरुस्तीसाठीचा जादा डेटा) बनवून ठेवा. १ जीबीच्या २० तुकड्यांमधला एक पूर्ण गेला तरी तो परत उभा करता येतो. तेवढाच डेटा ४ जीबीच्या ५ तुकड्यांत असेल, तर एक गेला म्हणजे २० टक्के गेले, तिथे १० टक्के पुरणार नाहीत.

बॅकअप विंडोजवर उघडायचा असेल तर सेव्हन-झिप सोयीचं, तुकडे तेच पाडतं. मात्र हेडर एनक्रिप्शनचा पर्याय आठवणीने चालू करा, नाहीतर पासवर्ड न देताही फाइलींची नावं कुणालाही वाचता येतात.