खड्ड्यामागची झडप

पारोळ्याकडचा मुलगा, वय बावीस. शर्ट काढ म्हटलं की आधी बापाकडे बघायचा. छातीच्या मधोमध ओंजळभर खड्डा. इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, जेल लावलं की ते घरंगळून त्या खड्ड्यातच साचायचं.

दोन वर्षांपूर्वी जळगावात मीच त्याला तपासलं होतं. मर्मर होती, म्हणजे ठोक्यांमध्ये जादाचा सूं-सूं आवाज. अशा छातीत हृदय दबून डावीकडे सरकतं आणि निरुपद्रवी मर्मर येऊ शकते, हे पाठ होतं. बरगड्यांमधून चित्र धड दिसत नव्हतं, बाहेर ओपीडी तुंबलेली. ‘नॉर्मल’ लिहून मोकळा झालो.

या खेपेला तो एक जिना चढून आला आणि बाकावर बसूनच राहिला. बाप म्हणाला, "मना पोर्‍याले काय व्हयनं, साहेब?"

घशातून नळी घालून इको केला. मायट्रल म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप. तिच्या मागच्या पाकळीला धरणारी दोरी तुटलेली, प्रत्येक ठोक्याला पाकळी उलटून रक्त मागे फेकतेय. झडप आधीपासूनच सैल असणार. ती तेव्हा मला दिसली नाही, एवढंच.

सीटीत छातीची रुंदी 26 सेंटिमीटर आणि उरोस्थीपासून मणक्यापर्यंत जेमतेम 6. या भागाकाराला हॅलर इंडेक्स म्हणतात. एरवी तो अडीचच्या आसपास असतो, सव्वातीनच्या पुढे गंभीर. याचा 4.3. मुंबईतला सर्जन माझा कॉलेजातला मित्र. म्हणाला, "मधून उघडलं तरी हृदय डावीकडे दडलेलं. उजवीकडून जावं तर हाड आडवं येतंय. रोबोटने बघतो. तू ये."

गेलो. रोबोट स्वतः काही करत नाही, हे बापाला तीनदा समजावलं होतं. मित्र चपला काढून टेबलापासून लांब कन्सोलवर बसला, तिथूनच रोबोटचे हात चालवायचे. उजवं फुफ्फुस मिटवलेलं, जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून रक्त मशीनवर, हृदय थांबवलेलं. कर्णिकेचं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचं, छत उचलणारी पट्टी वर घेतली की उरोस्थीला टेकायची. वीसेक मिनिटं त्या एका पट्टीचा कोन बदलण्यात गेली. कोणी बोलत नव्हतं. मला मात्र माझं ते ‘नॉर्मल’ आठवत होतं.

जागा मिळाल्यावर काम भराभर झालं. आठ मिलिमीटरच्या नळीतून गेलेलं हत्यार आत मनगटासारखं वळतं. माणसाचा हात तिथे मावलाच नसता. दोन नव्या दोर्‍या, भोवती रिंग. मग सलाइन भरून पाहिलं. दोन्ही पाकळ्या फुगून एकमेकींना टेकल्या, थेंबही गळला नाही.

सहा आठवड्यांनी तो इकोला आला. या वेळी शर्ट स्वतःच काढला. उजव्या बाजूला बारीक व्रण. खड्डा तसाच, तो भरायचं ऑपरेशन वेगळं, पुढे हवं तर करू म्हणालो. त्याने मान हलवली. जेल पुन्हा खड्ड्यात साचलं. मी टिश्यू शोधेपर्यंत त्याने खांद्यावरच्या गमछाने ते पुसलं आणि विचारलं, "कापूस वेचाले जाऊ ना आते?"