एकसरचे वीरगळ कोणी बघितलेत?
बोरिवलीतल्या एकसरला वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या आठवणीत उभारलेले कोरीव दगड, आहेत हे तिथेच जन्म गेलेल्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं, आणि साधेसुधे नाहीत हां, त्यांच्यावर चक्क आरमारी लढाई कोरलीय, जहाजं, वल्ही मारणारी माणसं, वरती शिवपूजा करणारा वीर, सगळं. १२६५ च्या सुमारची यादव आणि शिलाहार या राजघराण्यांमधली लढाई असावी असं बरेच अभ्यासक मानतात. बाकी गावोगावचे वीरगळ बघा, देवळामागे अर्धे गाडलेले, नाहीतर जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासलेले, आणि तो पेंट कोणी खरवडायला गेलं की खालचं कोरीवकामच उखडून निघतं राव! २०२५ ला मराठ्यांच्या किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा टॅग मिळाला, भारीच, पण या दगडांवर निदान एक पत्र्याचं छप्पर आणि माहितीचा बोर्ड, एवढं तर ग्रामपंचायतसुद्धा करू शकते ना?