सतरा वर्षांच्या मुलाला व्यसनमुक्तीसाठी भरती करताना : माझा अनुभव

नशेत अडकलेल्या मुलांच्या आईवडिलांसोबत सरकारी रुग्णालयात जाणं हा माझ्या कामाचा भाग आहे. सुरुवातीला फारसं अडत नाही. १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन लागते, केसपेपर निघतो, मानसोपचार ओपीडीत डॉक्टर तपासतात. अडतं ते भरतीच्या टेबलावर, आणि तेही मुलगा अठराच्या आतला असेल तर. "अठरा पूर्ण नाहीत? मग इथे घेता येणार नाही." हे ऐकून आई मुलाला घेऊन परत फिरते, तेव्हा दर वेळी चीड येते.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं होतं. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन ही मुलांचीच नशा. १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान चालू आहे, शाळा-कॉलेजांत शपथा होतात. त्या शपथा ऐकून एखादा मुलगा खरंच उपचाराला तयार झाला, तर त्याला खाट मिळायलाच हवी.

कायदा मुलांना नाकारत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, आणि कलम ८७ अल्पवयीनांच्या भरतीसाठीच आहे. टेबलावर वाद घालण्यापेक्षा या कलमाच्या अटी घरून पूर्ण करून जा, असं मी प्रत्येक पालकाला सांगते.

पहिली अट अर्जाची. तो आई किंवा वडील, म्हणजे कायदेशीर पालक, नामनिर्देशित प्रतिनिधी (मुलाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती) म्हणून करतात. मामा-काका सोबत असले तरी सही पालकाचीच लागते. पालकच नसतील तर आधी बालकल्याण समितीकडे जावं लागतं.

दुसरी अट दोन तपासण्यांची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. दुसरी तपासणी दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने, मानसिक आरोग्य व्यावसायिकाने (उदा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) किंवा साध्या वैद्यकीय अधिकाऱ्याने केली तरी चालते. दोन्ही तपासण्या स्वतंत्र हव्यात, भरतीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत झालेल्या. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने खाली 'सहमत' म्हणून सही करायची, असा कागद परत येतो, आणि यायलाच हवा. बऱ्याच ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक वारीच बसतात. त्यांचा वार आधी विचारून घ्या आणि त्याच आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्याची तपासणी उरकून घ्या. सातचे आठ दिवस झाले की पहिला कागद बाद.

तिसरी अट कुणी सांगतच नाही. घरी राहून, ओपीडीतून उपचार करून भागत नाही, हे डॉक्टरांना नोंदवावं लागतं. म्हणून जुने केसपेपर, समुपदेशनाच्या तारखा, औषधांच्या चिठ्ठ्या फेकू नका. "आधी काहीच केलं नव्हतं का?" या प्रश्नाचं उत्तर त्या कागदांत असतं.

चौथी अट खाटेची. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. व्यसनमुक्ती वॉर्डात बहुधा एकच मोठी खोली असते, म्हणून खरं कारण जागेचं असताना कारण वयाचं दिलं जातं. अशा वेळी मी नकार लेखी मागते आणि वेगळी खाट कुठे मिळेल याची चिठ्ठीही मागते. ती चिठ्ठी हातात असली की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. शिवाय भरती असेपर्यंत पालक किंवा सोबतीचं माणूस मुलाजवळ राहिलंच पाहिजे. मुलगी असेल आणि अर्जदार वडील असतील, तर सोबतीला बाईमाणूस हवं. वडिलांनी रजा टाकलेली नसते आणि तिसऱ्या दिवशी ते निघून जातात, तिथे घडी विस्कटते. रजेचं आधी बघा. अशा भरतीची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाला) ७२ तासांत कळवण्याचं काम रुग्णालयाचं, त्यासाठी पालकांनी धावपळ करायची नाही.

कागद : मुलाचं आधार, जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाईड, पालकाचं आधार, आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स. स्ट्रिप्स विसरू नका. नायट्राझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मुलगा रोज खात असेल, तर घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. किती गोळ्या खातो हे डॉक्टरांना खरं सांगा, त्यावरच ते औषध हळूहळू कमी करतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोनला मात्र पर्यायी औषध नाही. ते सुटल्यावर मुलगा खूप झोपतो, उदास होतो, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. त्या दिवसांत एकटं सोडू नका. लघवीच्या साध्या किटमध्ये एमडी अनेकदा दिसत नाही, त्यामुळे 'निगेटिव्ह' रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

पोलिसांच्या धास्तीने कितीतरी घरं उशीर करतात. एनडीपीएस कायद्याच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. पण व्यसनमुक्ती केंद्र हे सरकारी किंवा सरकारमान्य हवं आणि उपचार पूर्ण व्हायला हवेत, अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायचं ते यासाठीही. खासगी केंद्रात जाणार असाल तर नोंदणीचं प्रमाणपत्र आधी बघायला मागा. मान्यताप्राप्त केंद्रांची चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात करा. मुलाला साखळीने बांधणारं केंद्र कायदा मोडतं, तिथे एक रात्रही ठेवू नका.

ब्राऊन शुगरचं व्यसन असेल तर घरी आल्यावरचे पहिले आठवडे फार जपा. शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो.

"आता दोनच महिने राहिलेत, अठरा होऊ देत" असा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. वॉर्डात असतानाच मुलाला अठरा पूर्ण झाली, तर कलम ८८ नुसार तो स्वतंत्र रुग्ण धरला जातो. उपचार चालू राहू शकतात, पण पुढची संमती त्याची स्वतःची लागते. ती तो देईल इतका विश्वास भरती असतानाच कमवावा लागतो, म्हणून औषध कसलं आणि घरी कधी जायचं हे त्याला रोज खरं सांगा.