माझा अनुभव : मिनीचे स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे आणताना

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला नॉर्थफील्ड भागात आम्ही राहतो. तेथून लाँगब्रिज अगदी जवळ आहे. १९५९ साली बाजारात आलेली आणि ऑक्टोबर २००० पर्यंत बनत राहिलेली मिनी ही छोटी मोटार याच लाँगब्रिजच्या कारखान्यातून बाहेर पडत असे. माझ्याकडची मिनी ८५० ही १९७२ सालची. तिचे सगळे आयुष्य नेदरलँड्समध्ये गेले होते, त्यामुळे तिचे स्टेअरिंग डावीकडे होते. आधीच्या मालकाने ती ब्रिटनमध्ये आणून येथे तिची नोंदणीही करून ठेवली होती, त्यामुळे आयातीच्या कागदपत्रांचा त्रास मला झाला नाही.

ब्रिटनमध्ये डाव्या स्टेअरिंगची गाडी चालवणे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि मीही ती तशीच दोन वर्षे चालवली. परंतु गावाकडच्या अरुंद रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर असला, की त्याच्यापलीकडचे काही दिसत नसे आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याने “ये, ये... नको, थांब” असे सांगितल्याशिवाय ओव्हरटेक करता येत नसे. पार्किंगच्या फाटकावर तिकीट घेण्याचे कामही त्याचेच. मी एकटी असले, की हँडब्रेक ओढून, उतरून, गाडीला वळसा घालून तिकीट घ्यावे लागे आणि मागच्या गाड्यांतले लोक ते सगळे शांतपणे पाहत असत. अखेर एका हिवाळ्यात मी हे काम हाती घेतले. दोन शनिवार-रविवार पुरतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात अकरा लागले.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभे राहिले. त्यांना फोनवर हा बेत सांगितला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दुसऱ्या बाजूला भोकं आहेत का पाडावी लागणार?” हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. त्या रात्री गॅरेजमध्ये जाऊन बॉनेट उघडले आणि इंजिन व प्रवाशांची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, म्हणजे बल्कहेडवर, उजव्या बाजूला टॉर्च मारला. जुन्या रंगाच्या आणि तेलकट काळ्या थराखाली एका चपट्या पत्र्याची कड दिसत होती. रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर त्याचे स्क्रू उघडे पडले. ते काढून पत्रा उचकटला, तर मागे क्लच आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरांसाठीची (पेडल दाबले की नळीतल्या द्रवाला दाब देणाऱ्या सिलिंडरांसाठीची) जागा कारखान्यातूनच कापून ठेवलेली होती. मिनीचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे टाकून आणि गिअरबॉक्स त्याच्या तळाशी, तेल साठते त्या भांड्यातच (सम्पमध्ये) बसवून जागा वाचवली, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु हीच गाडी डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या देशांत विकायची असल्यामुळे तिचा सांगाडाही दोन्हीकडे चालेल असाच केला आहे, हे मला त्या पत्र्याने शिकवले. गिअरचा दांडा मधोमध, हँडब्रेक दोन आसनांच्या मध्ये आणि माझ्या मॉडेलमध्ये तर स्पीडोमीटरसुद्धा मधोमध असल्यामुळे या तिघांना हातही लावावा लागणार नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. मूळचे स्टेअरिंग जागच्या जागी ठेवून साखळीने किंवा आडव्या दांड्याने नवे चाक त्याला जोडण्याचे जुगाडही लोक करतात. साखळी ताणली गेली किंवा एखादा सांधा सैल झाला, तर चाक हातात आणि गाडी भलतीकडे, अशी अवस्था होऊ शकते. ज्या गाडीसाठी उजव्या बाजूचे मूळ सुटे भाग आजही मिळतात, तिच्या बाबतीत असे करण्याला मला काहीच कारण दिसत नाही. मी पुढची चाके वळवणारा स्टेअरिंग रॅक उजव्या गाडीचा, नवा घेतला आणि पेडलांची पेटी, स्टेअरिंगचा दांडा, त्याची ब्रॅकेटे व वायपरचा संच हे सर्व एका गंजून गेलेल्या, भंगारात निघालेल्या मिनीतून काढून आणले.

नवा रॅक घेण्याआधी काटकसरीचा एक विचार मनात आला होता. स्टेअरिंग रॅक म्हणजे दाते पाडलेली एक आडवी सळई आणि तिच्यावर फिरणारे छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन. डाव्या गाडीत हे पिनियन सळईच्या डाव्या टोकाजवळ असते. मग सगळा रॅक पिनियनभोवती अर्धा फिरवून बसवला, तर पिनियन आपोआप उजवीकडे येईल, मग नवा घ्यायचा कशाला? मी वहीत आकृती काढली आणि चूक लगेच लक्षात आली. पिनियन आधी सळईच्या ज्या बाजूला होते, त्याच्या विरुद्ध बाजूला जाते आणि त्यामुळे चाक उजवीकडे फिरवले की गाडी डावीकडे वळते. उजव्या गाडीच्या रॅकमध्ये पिनियन सळईच्या त्याच अंगाला, परंतु दुसऱ्या टोकाजवळ असते. म्हणून कवचासकट दुसराच रॅक लागतो. वडिलांना ही आकृती पाठवली, तर त्यांचे उत्तर आले, “सर्कशीत चालंल.”

रॅक बदलणे हे या संपूर्ण कामातले सर्वांत अवघड काम आहे, कारण तो पायाखालच्या उतरत्या पत्र्याला खालून दोन यू-बोल्टांनी आवळलेला असतो आणि त्याच्या खाली पुढची सबफ्रेम, म्हणजे सांगाड्याला खालून बोल्टांनी जोडलेली चौकट, आडवी येते. यू-बोल्टांचे चार नट गाडीच्या आत, कार्पेटखाली असतात. ते सुटले तरी रॅक बाहेर येत नाही. त्यासाठी सबफ्रेमची मागची बाजू काही इंच खाली उतरवावी लागते. इंजिन याच सबफ्रेमवर बसलेले असल्यामुळे तेही सोबत खाली येते, म्हणून आधी एग्झॉस्ट, इंजिनला वरून धरून ठेवणारा दांडा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडवावे लागतात. गाडी भक्कम स्टँडवर ठेवून, इंजिनखाली जॅक आणि जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून मी तो जॅक अगदी हळूहळू सोडत गेले. सबफ्रेमचा मागचा एक बोल्ट पन्नास वर्षांच्या गंजाने धरलेला होता. दोन दिवस भेदक तेल सोडून, नंतर गॅसच्या ज्योतीने तापवून आणि पान्याला लांब पाइप लावून तो निघाला, तेव्हा जो आवाज झाला त्याने मला वाटले बोल्टच तुटला. तुटला नव्हता.

नवा रॅक बसवताना तो मध्यावर असणे महत्त्वाचे आहे. रॅकच्या कवचाला एक लहानसे भोक असते आणि त्यावर प्लॅस्टिकचे बूच असते. बूच काढून सहा मिलिमीटरची सळई आत घातली, की रॅक नेमका मध्यावर अडतो. तो तसा अडवून, चाकाचे आरे सरळ धरून मगच दांडा पिनियनच्या खाचांवर चढवायचा. मी घाईत एक खाच चुकले आणि सरळ रस्त्यावर चाक तिरके राहू लागले. यू-बोल्ट फार आवळायचे नसतात, नाहीतर रॅक पिळवटतो. मी टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टक् असा आवाज करणारा पाना, वापरला आणि इतक्या हलक्या जोराला झालेल्या आवाजावर थांबणे मनाला पटत नव्हते, तरीही थांबले.

त्या मानाने पेडलांची पेटी सहज बसली. क्लचच्या बाबतीत तर गाडीने उलट उपकारच केले. मिनीचा क्लच इंजिनच्या उजव्या टोकाला असतो, त्यामुळे डाव्या गाडीत त्याची द्रवाची नळी बल्कहेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलेली होती. आता ती वीतभर उरली. अ‍ॅक्सिलरेटरची केबल मात्र वेगळ्या लांबीची घ्यावी लागली.

ब्रेकच्या नळ्यांनी मला सर्वांत जास्त छळले. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची ३/१६ इंची नळी घेऊन ती हाताने वाकवायची, टोकाला नट सरकवायचा आणि मग फ्लेअरिंगच्या हत्याराने टोक फुलवायचे, असे हे काम आहे. नट सरकवण्याआधी टोक फुलवण्याची चूक प्रत्येकजण करतो. मी दोनदा केली. परंतु खरा घोटाळा निराळाच होता. एका दुकानाने माझ्या मागणीवर जे नट पाठवले, ते दहा मिलिमीटरचे मेट्रिक होते आणि मिनीचे आटे ३/८ इंची यूएनएफ (इंची मापातले बारीक आटे), म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरचे. दिसायला दोन्ही सारखेच. नट एक-दोन आटे धरून अडत होता आणि मी, “जुना भाग आहे, आत गंज असेल,” असे म्हणून पान्याने जोर लावणार होते. त्याच वेळी वडिलांचे जुने वाक्य आठवले, की नट पहिले चार आटे बोटांनी गेला नाही तर तो त्या भोकाचा नव्हेच. व्हर्नियर लावून पाहिले आणि सगळे नट परत केले. जोर लावला असता, तर नव्या सिलिंडरचे आटे गेले असते.

योग्य नट बसवून द्रव भरला आणि नळ्यांतली हवा काढायला घेतली. नवरा आत बसून पेडल मारत होता आणि मी चाकाशी निपल सोडत होते. “दाब... धर... सोड,” असे अर्धा तास चालले, तरी पेडल स्पंजासारखे मऊच. सर्व सांध्यांखाली वर्तमानपत्राचे कागद अंथरून आम्ही जेवायला गेलो. परत आलो, तेव्हा बल्कहेडजवळच्या एका सांध्याखाली कागदावर नाण्याएवढा पारदर्शक डाग होता आणि वर नटाच्या कडेला एक थेंब लोंबत होता. फुलवलेले टोक किंचित तिरके झाले होते. ब्रेकचा द्रव रंग खातो, त्यामुळे आधी भरपूर पाण्याने पत्रा धुतला आणि मग ती नळी नव्याने केली. दुसऱ्या दिवशी पेडल दगडासारखे लागले.

विजेच्या तारांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. इंडिकेटर आणि हॉर्नच्या तारा मध्यापासून उजवीकडे वाढवल्या, सांधे झाळून घेतले, संपले.

वायपर “नंतर बघू” म्हणून मी मागे ठेवले होते. पहिल्याच फेरीत पाऊस आला, तेव्हा काचेचा डावा भाग कडेपर्यंत स्वच्छ आणि माझ्यासमोर उजव्या वरच्या कोपऱ्यात न पुसलेला पाण्याचा त्रिकोण, असा देखावा होता. घरी येईपर्यंत मी मान वाकवून चालवत होते. मग मोटर, नळी आणि वायपर फिरवणाऱ्या दोन्ही दातेरी पेट्या असा सगळा संच उजव्या गाडीप्रमाणे मांडून घेतला. हेडलाइटही बदलावे लागले. डाव्या स्टेअरिंगच्या गाडीचे डिपर उजवीकडे झुकते आणि येथे ते समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाते. असे दिवे एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का हे पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत नापास होतात. सात इंची गोल दिवे असल्यामुळे हे काम एका दुपारचे.

विमा कंपनीला काम सुरू करण्याआधीच कळवले होते. चाळीस वर्षांवरील गाड्यांना एमओटीतून सूट असते, परंतु गाडीत मोठे बदल केल्यास ती मिळत नाही आणि स्टेअरिंगची पद्धत बदलणे हा त्यात मोडणारा बदल आहे. माझ्या गाडीत रॅक-पिनियनच्या जागी रॅक-पिनियनच आला, पद्धत तीच राहिली. तरीही मी तपासणी करून घेतली, कारण ब्रेकच्या नळ्या मी स्वतः केल्या होत्या आणि दुसऱ्या कोणीतरी त्या खालून पाहाव्यात असे मला वाटत होते. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घेतले. मिनीला १/१६ इंच टो-आउट लागतो, म्हणजे चाके पुढून किंचित फाकलेली हवीत. हे तेथल्या तरुण कारागिराला दोनदा सांगावे लागले, कारण त्याच्या मते माझे आकडे उलटे होते.

उजवीकडून काढलेला तो झाकणीचा पत्रा आता डावीकडे बसला आहे. जुना डावा रॅक आणि पेडलांची पेटी ग्रीस लावून, नावे लिहून खोक्यात ठेवली आहे. स्पीडोमीटर मात्र किलोमीटरचाच ठेवला. त्याच्या काचेवर ४८, ६४ आणि ८० या आकड्यांपाशी लाल पट्ट्या चिकटवल्या आहेत, म्हणजे ३०, ४० आणि ५० मैल एका नजरेत कळतात. मोटरवेच्या ७० मैलांसाठी ११२ पाशी पट्टी लावलेली नाही. या इंजिनाला तिथवर जायला उतार लागतो आणि मागून वाराही.